नेमाण्णांचा जावई

पहिल्या भेटीत नेमाण्णांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा उजवा हात हातात घेतला, तळवा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, तुमचा हात मुळातच गरम असतोय का गार?"

दुसरी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बेळगावचा. मुंबईहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन निपाणीतल्या एका छोट्या वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. कंपनी म्हणजे एक डिझेल इंजिन, त्याला जोडलेला एक जनरेटर, गावभर पसरलेल्या तारा आणि हे सगळं चालवणारे फोरमन नेमाण्णा. आपल्या फोरमनने आपला हात वैद्यासारखा तपासावा हे मला काही रुचलं नाही. "साधारण असतो," मी तुटकपणे म्हणालो.

"साधारण असं काय नसतंय. आपल्या हाताची गरमी आपल्याला म्हाईत पायजे. मगच मशीनची कळतीया."

नेमाण्णा बोरगावचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. घरी मराठी, आजोळी कानडी. पन्नाशीला आलेले, ठेंगणे, पोट किंचित पुढे, आणि डोक्यावरची टोपी मुळात कोणत्या रंगाची होती ते त्यांनाही आठवत नसावं. इंजिनाशी ते दोन्ही भाषांत बोलत. सकाळी ते सुरू होईना की आधी मराठीत गोंजारत, "ऊठ रं बाळा, गिरणीवाली माणसं वाट बघायल्यात." तेवढ्यावर भागलं नाही की कानडीत जे काही सुरू होई ते ऐकून मी बाहेर जाऊन उभा राहत असे. "इंजन विलायती हाय साहेब," ते मला समजावत. "मराठीचा राग त्येला समजत न्हाय. कानडी जरा लागतंय." गंमत म्हणजे ते कानडीनंतरच सुरू होई.

दर तासाला ते जनरेटरच्या अंगावर तळवा ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी कपाटातून थर्मामीटर काढला, जनरेटरला लावला आणि त्यांना आकडा वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. "ह्यो खोटं बोलतोय. ह्येच्यापेक्षा लई तापलंय आज." मी भौतिकशास्त्रावर थोडं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मग माझं मनगट धरून मला जनरेटरच्या मागच्या बाजूला नेलं आणि माझा तळवा तिथे टेकवला. मी ओरडलो. थर्मामीटर मी हवा येण्याच्या बाजूला, म्हणजे यंत्राच्या सगळ्यात गार जागी लावला होता. नेमाण्णा हसले नाहीत. त्यांनी फक्त खोबरेल तेलाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांना 'अहो फोरमन' म्हणायचं सोडून 'नेमाण्णा' म्हणायला लागलो.

त्यांच्या एका गोष्टीचं सगळ्या गावाला हसू येई. गावात संध्याकाळी दिवे लावायची जबाबदारी ज्याच्यावर, तो माणूस स्वतः जैनांच्या रिवाजाप्रमाणे दिवेलागणीच्या आत जेवून मोकळा होई. त्याहून हसण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरात विजेचा दिवाच नव्हता. पॉवर हाऊसच्या फोरमनच्या घरी कंदील. हा हुकूम होता पद्माक्काचा.

पद्माक्का ही त्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा वारला म्हणून ती माहेरी परत आली, त्याच वर्षी आईही गेली, आणि सहा वर्षांच्या नेमूला तिनेच वाढवलं. नेमाण्णांना निपाणीत नोकरी लागल्यावर तीही इथे आली. उंच, वाळलेली, मोजकं बोलणारी बाई. घर माळावरच्या गल्लीत, विहीर खाली ओढ्याकाठी, आणि मध्ये दम काढणारा चढ. तो चढ ती रोज डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन चढायची, तेही सकाळ-संध्याकाळ. नेमाण्णांनी घागर उचलायला हात पुढे केला की म्हणायची, "सोड रं. गाव हसंल तुला." आणि दुसऱ्या कुणी आणलेलं पाणी तिला सोवळ्यात चालायचं नाही.

नेमाण्णा फोरमन झाले तेव्हा मोठ्या हौसेने घरी दिवा लावायला निघाले होते. आक्काने दारातच अडवलं. "तुझी वीज एक तांब्या पाणी वर आणती का? न्हाय ना? आणंल तवा लाव दिवा." तेव्हापासून कंदील.

मी आलो त्या वर्षी नगरपालिकेने माळावर टाकी बांधली होती, विहिरीवर पंपाची मोटर येऊन पडली होती, नळही टाकून झाले होते. फक्त वीज मागणारं पत्र आमच्याकडे आलं आणि आम्ही उत्तर दिलं, की जनरेटर आधीच भरलेला आहे, नवं इंजिन विलायतेहून आल्याशिवाय जोडणी देता येणार नाही, आणि लढाई संपल्याशिवाय इंजिन येणार नाही. पत्र चेअरमन रावसाहेबांनी सांगितलं, पण खाली सही माझी होती. आठवड्याभरातच पद्माक्का भरल्या घागरीसकट चढावर पडली. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. मी भेटायला गेलो तर कंदिलाशेजारी पाय पसरून बसलेल्या त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच व्हय त्ये साहेब? वीज संपली म्हणून लिवणारे?"

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. परत येताना नेमाण्णा पॉवर हाऊसच्या दारात थांबले. म्हणाले, "साहेब, आक्का परवापासनं परत घागर उचलणार. मी वळखतो तिला. आता पडली तर ती उठायची न्हाय." आणि आत जाऊन त्यांनी आधी इंजिनावर तळवा ठेवला, मग जनरेटरवर.

"एक सांगा. इंजन गार हाय. दम हाय त्येच्यात, अजून दोन गिरण्या वढंल. मग जनरेटरच का तापतोय?"

हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि त्यात मला चांगले गुण होते. मी त्यांना समजावलं. गिरणीच्या मोटारीला दोन तऱ्हेचा करंट लागतो. एक काम करणारा, जो चक्की फिरवतो. दुसरा नुसताच मोटारीच्या लोखंडात चुंबक उभं करण्यापुरता. तो पॉवर हाऊसमधून जातो, परत येतो, पुन्हा जातो. काम शून्य, पण जनरेटरमधली आणि तारांमधली जागा अडवून बसतो आणि त्यांना तापवतो. या दोघांचा हिशेब सांगणाऱ्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात, आणि आपल्या गावाचा तो आकडा लाज वाटावी असा आहे.

नेमाण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी जत्रंची गाडी म्हणा की. दहा माणसं बसल्यात. सहा कामाची, चार नुसतीच बघायला आल्यात. पर बैलाला वझं दहाचं."

मी डिप्लोम्याची तीन वर्षं खर्चून इतकं सोपं कधी शिकलो नव्हतो. त्यांनी उठून टोपी घातली. "मग वीज संपली न्हाय साहेब. वीज हाय. बघी माणसं खाली उतरवाय पायजेत." आणि ते खरोखरच बघ्यांना उतरवायला निघाले.

पहिला मोर्चा पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाल्याने एवढ्याशा चक्कीला एक दांडगी मोटर लावली होती, आणि मोटर जितकी रिकामी फिरेल तितके बघे जास्त. तिकडे लाकडाच्या वखारीत उलटा प्रकार, करवत मोठी आणि मोटर लहान, बिचारी दिवसभर कण्हायची. नेमाण्णांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि मोटारींची अदलाबदल सुचवली. वखारवाला लगेच तयार झाला. गिरणीवाला मात्र उखडला.

"आण्णा, काय बोलायलाय? मोटर ल्हान केली तर गिऱ्हाईक काय म्हणंल? धंदा बसला ह्येचा, म्हणंल!"

"गिऱ्हाईक मोटर बघतंय का मोटरीची पेटी?"

"...पेटी."

"पेटी तीच ऱ्हाऊ दे. आत ल्हान घालूया."

अशी ती सोयरीक जुळली. गिरणीत भल्यामोठ्या पेटीत लहानशी मोटर सुखाने नांदू लागली आणि गिरणीवाल्याची पत गावात शाबूत राहिली. अशा आठ-दहा जागा नेमाण्णांनी पायपीट करून धुंडाळल्या. जनरेटरचा करंट थोडा उतरला, पण पंपापुरती जागा होईना. मोटारींशेजारी बसून हा बिनकामाचा करंट जागच्या जागी देणारे कंडेन्सर मिळाले असते तर काम सोपं होतं, पण तेही विलायतेहून यायचे. मी हात टेकले. नुसतं बोलायचं म्हणून बोलून गेलो, की पुस्तकात आणखी एक तोडगा आहे. एखादा जुना जनरेटर घ्यायचा, त्याला इंजिन लावायचंच नाही. तारेवरच मोटारीसारखा रिकामा फिरू द्यायचा आणि त्याच्या चुंबकाला गरजेपेक्षा जास्त करंट द्यायचा. मग शेजारच्या मोटारींना लागणारा तो बिनकामाचा करंट तोच पुरवतो.

"म्हंजी बघ्यांची सोय त्यांच्या गावातच," नेमाण्णा म्हणाले. "गाडीत बसाय नको."

मी हो म्हणालो आणि विसरून गेलो. ते विसरले नाहीत. तीन दिवस मला जेवताना, हिशेब लिहिताना, एकदा तर न्हाव्यापुढे बसलो असताना गाठून ते एकेक शंका विचारत राहिले. चौथ्या दिवशी ते सुट्टी काढून बेळगावला गेले. परतले तेव्हा मागे एक बैलगाडी होती, आणि तिच्यात बंद पडलेल्या एका भातगिरणीतला गंजका जनरेटर, दोरांनी बांधलेला. "साहेब, तुमचं त्ये बिनकामाचं मशीन मिळालं," त्यांनी लांबूनच हाक दिली.

रावसाहेब आमचे चेअरमन आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या तेलगिरणीचे मालक. मोटारींची दाटी त्यांच्याच गिरणीत, म्हणून यंत्र बसवायचं तर तिथेच. नेमाण्णांनी सगळं समजावल्यावर रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे हे फिरणार?"

"व्हय."

"आणि काय काम करणार?"

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"काय करंना झालं तरच उपेग हाय त्येचा."

रावसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की या माणसाला उन्हाची बाधा झालीय का. मी डिप्लोम्याचा आधार घेऊन मान डोलावली. अखेर गिरणीच्या मागची शेड मिळाली.

सुरुवात हीच मोठी पंचाईत होती. हे यंत्र आपणहून फिरायला लागत नाही. गिरणीच्या शाफ्टवरून पट्टा घालून आधी त्याला वेग द्यायचा, मग ते आणि पॉवर हाऊस यांची लय जुळली की बरोबर त्या क्षणी स्विच टाकायचा. लय जुळली का ते बघायला तीन दिवे लावायचे. दिवे उघडझाप करतात, हळू हळू मंद होतात आणि पूर्ण विझतात, तो क्षण. जरा चुकलं तर यंत्र उखडून भिंतीत जायचं. नेमाण्णा स्विचपाशी आणि मी मैलभर लांब पॉवर हाऊसमध्ये करंटच्या काट्यापुढे. अर्धा तास काही नाही. मग काटा एकदा थरथरला आणि खाली यायला लागला. मी बघतच राहिलो. सगळ्या गिरण्या चालू, गावातली एक मोटर बंद नाही, आणि काटा उतरतोय. त्या दिवशी मी इंजिनिअरला न शोभेल असा नाचलो आणि ते इंजिनाशिवाय कुणी पाहिलं नाही.

शेडमध्ये यंत्र सांभाळायला सत्याप्पा नावाचा गिरणीतलाच एक भाविक, निष्ठावान गडी नेमला. आठवड्यात गावाने यंत्राचं बारसं केलं. काम काही करायचं नाही, पण तेलपाणी वेळेवर, बसायला वेगळी खोली, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. त्याला सगळे 'जावई' म्हणायला लागले. "सत्याप्पा, जावयाला तेल घातलंस का?" असं नेमाण्णाही सरळ चेहऱ्याने विचारत. जावयाच्या चुंबकाचा करंट कमीजास्त करायला एक हँडल होतं. मोटारी चालू असल्या की वर, बंद झाल्या की खाली. एवढंच काय ते सत्याप्पाचं काम.

पंपाची चाचणी ठरली दसऱ्याच्या सकाळी. मुहूर्त चांगला म्हणून नगरपालिकेने तो दिवस धरला. आणि इथेच आमचं सगळ्यांचं चुकलं, कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी येते खंडेनवमी.

आमच्या भागात खंडेनवमीला नांगर, कोयते, तराजू, शिवणयंत्र, जे म्हणून हाताला भाकरी देतं ते सगळं धुऊन पुजायचं. आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. हा नेम नेमाण्णांइतका कडक पाळणारा माणूस मी पाहिला नाही. इंजिन तेवढं चालू ठेवावंच लागे, पण बाकी पान्हा, पक्कड, करवतीचं पातं, सगळं पाटावर. सत्याप्पालाही त्यांनीच शिकवलं होतं, की पुजेनंतर बोट लावशील तर खबरदार.

दुपारी गावातल्या सगळ्या मोटारी एकदम थांबल्या. जावई मात्र नेमाण्णांनी फिरता ठेवला, कारण तो थांबला तर पट्टा घालून पुन्हा फिरवायला गिरणीचा शाफ्ट हवा, आणि शाफ्टची तर पूजा झालेली. "मोटारी थांबल्या की हँडल खाली आण," असं सत्याप्पाला सांगून ते पॉवर हाऊसमधली पूजा करायला आले. पूजा थाटात झाली. स्विचबोर्डला हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या, आणि सगळ्यात मोठी माळ बरोबर विजेचा दाब दाखवणाऱ्या व्होल्टमीटरच्या तोंडावर लोंबत राहिली. ती बाजूला करायची कुणाची हिंमत?

दिवेलागणीला मी रावसाहेबांच्या दिवाणखान्यात चहा घेत होतो. पूजेत उशीर झाल्याने नेमाण्णा घरी घाईने शेवटचे घास घेत होते. दिवे लागले आणि खोली लख्ख उजळली. इतका उजेड निपाणीने पाहिला नव्हता. पाहुण्यांनी माना वर केल्या. रावसाहेब खुशीत म्हणाले, "बघा, आमच्या कंपनीची वीज!" त्यावर कोपऱ्यातला दिवा फट्‌ करून गेला. मग माजघरातला. मग समोरच्या दुकानातला, मग त्याच्या शेजारचा. लढाईच्या दिवसांत दिवा मिळणं मुश्कील, आणि इथे गल्लीच्या गल्ली फटाफट विझत निघाली होती. मी कप तसाच टाकून गिरणीकडे धावलो.

माझ्यामागून सायकलवर नेमाण्णा आले. उष्टा हात तसाच, भाताची शितं बोटांना. शेडमध्ये जावई मजेत फिरत होता, हँडल पूर्ण वर, त्याला हळदकुंकू, दोन माळा आणि पुढ्यात नारळ. सत्याप्पा हात जोडून बसला होता.

"हँडल खाली का न्हाय आणलंस रं?"

"आण्णा, तुमी सांगायच्या आदीच मी पुजलं हुतं," सत्याप्पा अभिमानाने म्हणाला. "कुणाला म्हणून हात लावू दिला न्हाय."

मोटारी बंद, त्यामुळे जावयाचा करंट घ्यायला कुणी नाही, आणि तो उलट पॉवर हाऊसवर चढून गावभर दाब वाढवत बसला होता. नेमाण्णांनी हात पुसला, चपला काढल्या, हँडलला नमस्कार केला, दोन्ही माळा उतरवून सत्याप्पाच्या गळ्यात घातल्या आणि हँडल खाली ओढलं. बाहेर जे दिवे शिल्लक होते ते ताळ्यावर आले. चाळीस वर्षांचा नेम मोडलेला तो माणूस भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "साहेब, आक्काचं पाणी गेलं."

त्याप्रमाणेच झालं. दसऱ्याला सोनं वाटायच्या ऐवजी रावसाहेबांनी आम्हाला फैलावर घेतलं. चाचणी रद्द, जावई काढून टाका, सत्याप्पाला घरी पाठवा. मी पुस्तकी सारवासारव करू लागलो, तर नेमाण्णांनी मला थांबवलं.

"सत्याप्पाची चूक न्हाय. हात लावू नगो म्हणून मीच शिकवलं, आन हात लाव म्हणून मीच सांगितलं. त्यानं आदी शिकल्यालं ऐकलं. मला धा दिवस द्या. माणसाच्या हातावर काय ठेवत न्हाय आता. न्हाय जमलं तर जावयाबरोबर मलाबी गाडीत घालून बोरगावला पाठवा."

रावसाहेब रागीट होते, पण मनाने कोते नव्हते. दहा दिवस मिळाले.

त्या दहा दिवसांत नेमाण्णांनी काय काय केलं! आधी घंटा लावली, की मोटारी थांबल्या की वाजेल. ती गिरणीच्या गोंगाटात ऐकूच येईना. मग स्प्रिंग लावली, ती हँडल इतक्या जोरात ओढी की जावई लय सोडून गुरगुरायचा. शेवटी सापडली ती युक्ती अगदी साधी. गिरणीच्या मोटारींना जाणारी तार त्यांनी एका लोखंडाभोवती गुंडाळली. मोटारी चालू असल्या की त्या लोखंडाचं चुंबक होई आणि ते एक खिटी धरून ठेवी. मोटारी थांबल्या की चुंबक सुटे, खिटी पडे आणि कप्पीवरून सोडलेलं पाच शेरांचं वजन आपल्या भाराने हँडल खाली आणी. वजन एकदम पडू नये म्हणून त्याला तेलाच्या डब्यात बुडतं ठेवलं. माझ्या पुस्तकात याचं चांगलं लांबलचक नाव होतं. नेमाण्णा त्याला 'सासूबाई' म्हणत. जावयाला आवरायला दुसरं कोण?

रावसाहेबांनी परीक्षा घेतली ती मुद्दाम कुणाला न सांगता. नेमाण्णा जेवायला गेल्याची वेळ साधून स्वतः मला घेऊन गिरणीत आले आणि मुख्य स्विच खाडकन ओढला. गिरणी थांबली. शेडमध्ये खिटी पडली, वजन संथपणे डब्यात उतरलं, हँडल खाली आलं. वरचा दिवा हलला नाही की वाढला नाही. सत्याप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, मी कशाला शिवलो नाही हे दिसावं म्हणून. रावसाहेबांनी पुन्हा स्विच टाकला, सत्याप्पाकडून हँडल वर करून घेतलं आणि स्विच पुन्हा ओढला. तिसऱ्या खेपेला तर ते लहान मुलासारखे हसत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्र लिहा नगरपालिकेला. वीज आहे म्हणून."

त्याही पत्रावर सही माझीच. इतक्या आनंदाने मी कशावरच सही केली नसेल.

पंप सुरू व्हायच्या दिवशी सगळं गाव माळावर, टाकीपाशी. मंडप, तोरण, रावसाहेबांचा फेटा. नेमाण्णांना पुढच्या खुर्चीचं आमंत्रण होतं. ते गेले नाहीत. पंपाची मोटर सुरू होताना एकदम ओढ बसते, तेवढा वेळ सासूबाईंवर त्यांचा भरवसा नव्हता, हँडलवर हात त्यांचाच हवा. मला बेळगावला दुसरी नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं, म्हणून मीही मंडपात न जाता त्यांच्यापाशी शेडमध्येच बसलो.

दहाच्या ठोक्याला शेडमधल्या मीटरचा काटा उसळला. "लागली वढ," म्हणत नेमाण्णांनी हँडल वर सरकवलं. काटा थरथरला, बसला, स्थिर झाला. मोटर फिरत होती एवढं आम्हाला कळलं. पण पाणी चढलं की नाही ते काटा सांगत नाही. जुनी विहीर, नवा पाईप, एवढा चढ. कुठे सांधा सुटला असेल, पंपात हवा धरली असेल. वेळ जाता जाईना. "मी जाऊन बघून येऊ?" मी विचारलं. नेमाण्णांनी नुसती मान हलवली. त्यांचा हात हँडलवर आणि डोळे शेडच्या दारातून दिसणाऱ्या माळाच्या चढावर. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मग चढावर कुणीतरी दिसलं. उंच, वाळलेली बाई, एका पायाने किंचित लंगडत, डोक्यावर घागर. घागर भरलेली होती ते तिच्या मानेवरूनच कळत होतं. इतकी वर्षं भरली घागर घेऊन चढ चढणारी पद्माक्का भरली घागर घेऊन चढ उतरत होती.

ती शेडमध्ये आली, घागर उतरवली, पदराखालून तांब्या आणि धुतलेलं फडकं काढलं, फडकं तांब्याच्या तोंडावर धरलं आणि पाणी गाळून घेतलं. मंडपात अजून भाषणं चालली होती, त्यांचा आवाज इथवर येत होता.

"पैल्या नळाचं हाय," ती म्हणाली. "मी कुणाला भरू दिलं न्हाय. पी."

"आक्का, हात मोकळा न्हाय गं."

"मी धरतो," म्हणून मी पुढे झालो आणि हँडलवर हात ठेवला. नेमाण्णांनी खाली बसून ओंजळ केली. आक्काने वरून धार धरली. ते पीत राहिले, पाणी कोपरांवरून ओघळून सदरा भिजला तरी पीत राहिले, आणि ती तांब्या भरभरून ओतत राहिली.